डिस्चार्ज नसलेल्या वॉर्डातली नवी सिस्टर

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

दरवर्षी १२ मे उजाडला की माझ्या मोबाईलवर सकाळपासून फोटो यायला लागतात. जागतिक परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती. गणवेशातल्या सिस्टर, हातात मेणबत्त्या, मधे केक, बाजूला कुणीतरी प्रमुख पाहुणे. खाली तयार बातमी असते, 'परिचारिका दिन उत्साहात साजरा'. वीसेक वर्षं झाली, ही बातमी मी लावत आलोय. पुढेही लावीन. त्या बायांचं वर्षातून एकदा नाव छापून येतं, त्यात वाईट काही नाही.

पण त्या फोटोत एक सिस्टर मला कधी दिसली नाही. वृद्धाश्रमात, लकव्याच्या पेशंटजवळ, विसरभोळेपणाच्या आजारातल्या म्हाताऱ्यांजवळ रात्रपाळी करणारी. तिथं केक कापायला कुणी जात नाही, आणि ती ड्युटी सोडून फोटोला येऊ शकत नाही. आज तिच्याबद्दल लिहायचंय.

विषय डोक्यात यायचं कारण घरातलं आहे. माझी भाची जीएनएम झाली. तीन वर्षांचा कोर्स, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग नोकरीची शोधाशोध. सरकारी भरतीची वाट बघता बघता तिने संभाजीनगरच्या बाहेर एका वृद्ध-सेवा केंद्रात नोकरी धरली. केंद्राचं नाव देत नाही. कारण मी जे सांगणार आहे ते त्या एका केंद्राचं गाऱ्हाणं नाही, बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने असंच आहे.

पगार अकरा हजार. ड्युटी बारा तासांची. चौतीस माणसं, त्यातली चौदा पूर्ण अंथरुणावर. शिकलेल्या सिस्टर तिला धरून दोन, एक दिवसा आणि एक रात्री. बाकी सगळा भार मावश्यांवर.

पहिल्या पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसलेला होता. म्हणाली, "मामा, कॉलेजात आम्हाला शिकवलं की पेशंट बरा करायचा आन् घरी पाठवायचा. इथं कुणी घरीच जात नाही. मग मी दिवसभर काय केलं, ते कशात मोजू?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्या सगळ्या दवाखान्यांची रचनाच डिस्चार्जवर उभी आहे. ऑपरेशन झालं, टाके काढले, डिस्चार्ज. बाळंतीण झाली, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नर्सिंगच्या मुलींची प्रात्यक्षिकंसुद्धा जनरल वॉर्ड, लेबर रूम, ऑपरेशन थिएटर अशीच होतात. म्हातारपणाच्या शुश्रूषेचा धडा पुस्तकात आहे. पण सहा-सहा महिने, चार-चार वर्षं एकाच कॉटवर असलेल्या माणसाजवळ राहून काम करायचं, हा अनुभव शिकताना बहुतेकींच्या वाट्याला येत नाही. तो थेट नोकरीतच येतो, तोही वरिष्ठ कुणी सोबत नसताना.

हे काम दिसतं साधं, पण ते किती बारकाईचं आहे हे मला तिच्याकडून कळलं, आणि त्याआधी घरात कळलं होतं.

माझी आई शेवटचे चौदा महिने अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली. दवाखान्यातून घरी आणताना आमच्या हातात औषधांची चिठ्ठी होती आणि 'काळजी घ्या' एवढा सल्ला. काळजी म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभराने लघवीची नळी बदलायला एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या असतील. नळी बदलून झाली, निघायच्या आधी त्यांनी आईची पाठ बघितली. कमरेच्या खाली, माकडहाडावर लालसर डाग होता. त्यांनी बोटाने दाबून बघितला. लाली गेली नाही. म्हणाल्या, "भाऊ, उद्या इथं जखम होईल. बसा, दाखवते."

वीस मिनिटं लागली त्यांना. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी माणूस कसा वळवायचा, म्हणजे कातडी घासत नाही आणि आपली कंबरही मोडत नाही. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी कशी ठेवायची. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली काय घालायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि भिंतीवर कागद लावून वेळ लिहायची, 'मगाशीच बदलली' या अंदाजावर राहायचं नाही. चारताना तिला बसती करायची, मान थोडी खाली, घास छोटा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाहीतर घास किंवा पाणी श्वासनळीत जातं, आणि मग न्यूमोनिया. लघवीची पिशवी कधीच पोटाच्या वर उचलायची नाही.

आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर जखम नव्हती. हे श्रेय त्या वीस मिनिटांचं आहे आणि त्यानंतर कागदावर वेळ लिहीत बसलेल्या माझ्या बायकोचं आहे.

आता हिशेब करा. एका माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची तर बारा तासांच्या रात्री सहा वेळा. चौदा माणसं म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा. प्रत्येक वेळी दोन जण लागतात. एका वेळेला फक्त पाच मिनिटं धरली तरी सात तास झाले. त्यात लंगोट बदलणं, नाकातल्या नळीने दूध देणं, साखर तपासणं, ज्याला झोप येत नाही त्याच्याशी बोलणं, हे धरलेलंच नाही. आणि रात्री एक सिस्टर, एक मावशी.

हा हिशेब भाचीने मला कागदावर करून दाखवला. त्यानंतर मी 'नर्सिंग म्हणजे सेवाभाव' हे वाक्य लिहिणं सोडून दिलंय. सेवाभाव कितीही असला तरी रात्रीचे तास बाराच राहतात.

तिथल्या मावश्यांबद्दलही सांगायला हवं. एक मावशी अकरा वर्षांपासून तिथं आहे. शिक्षण सातवी, पगार सात हजार. भाचीला पहिल्या आठवड्यात वाटायचं की मी शिकलेली, हिला मी शिकवणार. झालं उलटंच.

तिथं एक आजोबा आहेत, मंठ्याकडचे. दिवस मावळला की ते उठून पिशवी भरायला लागतात. घरी जायचं म्हणतात. बैल सोडायचे राहिलेत, दावणीला उपाशी उभे असतील म्हणतात. भाची त्यांना समजावून सांगायची, "बाबा, आता बैल नाहीत. शेत पोरांनी वाटून घेतलं. तुमचं वय ब्याऐंशी आहे." सगळं खरं होतं. पण ते ऐकून बाबा चिडायचे, एकदा हात उगारला. या आजारात संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो हे तिने पुस्तकात वाचलं होतं, पण त्या वेळी करायचं काय हे पुस्तकातल्या एका ओळीवरून कळत नाही.

मावशी आली. म्हणाली, "चला बाबा, बघून येऊ." त्यांचा हात धरला, फाटकापर्यंत नेलं, झाडाला एक चक्कर मारली. वाटेत विचारलं, "बैलाची नावं काय होती?" बाबांनी नावं सांगितली, कुठल्या बाजारातून आणले, केवढ्याला आणले, सगळं सांगितलं. परत येईपर्यंत चहा झाला होता. बाबा बसले, चहा घेतला, पिशवी विसरले. रोज संध्याकाळी हे असंच. आता भाचीही तेच करते.

पण मावशीचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. एका आजींच्या नाकात नळी आहे. रात्री त्या ती ओढून काढायच्या. मावशीने एका रात्री गॉजने त्यांचे हात कॉटला बांधले. भाची आली, तिने बघितलं आणि सोडले. दोघींची तिथंच वाजली. मावशीचं म्हणणं, "रातच्या दोनला नळी निघली तर घालणार कोण? तुमी एकल्या. तवर ह्या बाकीच्यांकडं कोन बघल?" भाचीचं म्हणणं, "माणूस आहे, जनावर नाही बांधून ठेवायला."

मला विचाराल तर दोघींचं खरं होतं. एक जण पुस्तकातली नीती सांगत होती, दुसरी मनुष्यबळाचा हिशेब सांगत होती. माणसं कमी पडली की बांधणं सुरू होतं. कुणी दुष्ट असावं लागत नाही.

भाचीने मग सकाळच्या उजेडात आजींचं नाक नीट बघितलं. चिकटपट्टी एकाच जागी लावून लावून कातडी सोलली होती. आजी नळी ओढत नव्हत्या, दुखतं तिथं हात नेत होत्या. पट्टीची जागा बदलली, मलम लावलं. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या लेकीला फोन करून विचारलं, आजी घरी असताना हाताने काय करायच्या? लेक म्हणाली, वाती. जन्मभर देवाच्या वाती वळल्या तिने. आता आजींच्या हातात कापूस असतो. वात नीट वळली जात नाही, नुसता कापूस पिंजला जातो, पण हात गुंतलेला राहतो. नळी अजूनही कधीमधी निघते. पण हात बांधणं बंद झालं. मावशी आता स्वतःच कापूस आणून ठेवते.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं, दिवसभर काय केलं ते कशात मोजायचं याचं, थोडंफार उत्तर तिला इथं मिळालं असावं. या कामात 'बरं झालं' असं होत नाही. लाल डाग फिका पडला, आज ठसका लागला नाही, आज बांधावं लागलं नाही, असं मोजावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात तिच्या पाळीत पहिला मृत्यू झाला. पहाटे तीनच्या सुमारास एका आजोबांचा श्वास बदलला. तिने डॉक्टरांना फोन केला, ते निघाले. मुलाला फोन केला, तो पुण्यात. मुलगा म्हणाला, "सिस्टर, मी निघतो, पण पोचेपर्यंत सकाळ होईल. तुम्ही त्यांच्याजवळ थांबाल का?" बाकीची तेहतीस माणसं मावशीवर सोडून ती पाऊण तास त्यांचा हात धरून बसली. नंतर अंग पुसलं, कपडे बदलले, कागद भरले. सकाळी आठला पाळी संपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ड्युटीवर आली तेव्हा त्याच कॉटवर नवीन माणूस होता. तिला कुणी विचारलं नाही, तू बरी आहेस का. विचारणारं माणूसच तिथं नेमलेलं नाही.

याच महिन्यात ती नोकरी सोडायच्या बेतात होती. घरून लग्नाचा लकडा सुरू झाला होता. स्थळं बघणारे एकच विचारतात, "नाइट ड्युटी असते का?" आपल्याकडे मुलीने रात्री म्हाताऱ्यांची सेवा केलेली चालते, पण ती आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांची असेल तरच.

आता थोडं मोठं चित्र.

महाराष्ट्रात, आणि देशातही, या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईच्या केईएममध्ये घडलं. अरुणा शानबाग. स्वतः त्याच रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर अत्याचार केला, मेंदूला इजा झाली आणि त्या परत शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ ला गेल्या. जवळपास बेचाळीस वर्षं. या बेचाळीस वर्षांत केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. १९७३ ला जन्मलेल्या नव्हत्या अशा मुली नव्याने रुजू झाल्या आणि त्यांनी अरुणाताईंची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची याचिका गेली तेव्हा, इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण झालं नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचं कौतुक केलं आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्या कर्मचाऱ्यांचा मानला. दयामरणाला परवानगी नाकारली.

त्या निकालावर, दयामरणावर खूप चर्चा झाली. शुश्रूषेवर कमी झाली. बेडसोर नाही याचा अर्थ, बेचाळीस वर्षं, तिन्ही पाळ्यांत, सणावाराला, पुरात, संपात, कुणीतरी वेळेवर कूस बदलली. लोक म्हणतात, केवढा त्याग! त्याग होताच. पण त्याच्या मागे एक महापालिका होती, पगारी कर्मचारी होत्या, तीन पाळ्या होत्या, स्वयंपाकघर होतं, डॉक्टर होते. एका नव्या सिस्टरला उभं राहायला एवढं सगळं लागतं. ते नसेल तर चांगल्यातली चांगली मुलगी सहा महिन्यांत थकून जाते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर दहा माणसांत जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आपल्या आठही तालुक्यांत फिरताना डोळ्यांना जे दिसतं ते वेगळं सांगायला नको. पोरं पुण्याला, वाळूजला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गावात म्हातारे आणि कुत्री. त्यातलं कुणी पडलं, मांडीचं हाड मोडलं, लकवा मारला, तर बघणार कोण?

कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७. मुलं बघत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये म्हटलंय की निराधार ज्येष्ठांसाठी राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करू शकेल, सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान १५० जणांची सोय. शब्द नीट वाचा, 'करू शकेल'. 'करील' असं नाही. या एका शब्दात जिल्हेच्या जिल्हे अडकलेत.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार जाहीर झाले. चांगली गोष्ट आहे, कार्ड काढून घ्या. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं आहे. घरी आणल्यावर चौदा महिने कूस कोण बदलणार, त्याला कुठलंही कार्ड चालत नाही.

पगाराचं बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका असावा. ही शिफारस रुग्णालयांसाठी, तीही कागदावर. वृद्ध-सेवा केंद्रातल्या अकरा हजारवालीचा त्यात उल्लेखही नाही.

आणि त्यांच्याही खाली घरोघरी जाणाऱ्या 'ब्यूरो'च्या मुली आहेत. आपल्या भागातल्या कितीतरी मुली पुण्यात जाऊन हे काम करतात. कुणाचं दहावी झालेलं, कुणाचं तेही नाही. चार दिवसांची तोंडओळख, आणि मग परक्या घरात चोवीस तास. लोक त्यांना 'सिस्टर' म्हणतात, नोंदणी कुठेच नसते. काही झालं तर दोष त्यांच्यावर. ज्या म्हाताऱ्याला त्या सांभाळतात त्यालाही हे धोक्याचं आणि त्या मुलीलाही.

दुसरीकडे, आपल्या जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालंय. राज्यात आजवर चारच होती: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ ला सुरू झालं. इमारतींच्या बातम्या मी आनंदाने केल्या. पण मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहणारी माणसं असतात, ज्यांना न्यायला घरचं कुणी येत नाही. तिथं रुजू होणाऱ्या नव्या सिस्टरला हीच कला लागणार आहे, जी त्या मावशीने फाटकापर्यंत चक्कर मारून शिकवली. ती शिकवायची सोय आत्तापासून नको का?

केरळचं उदाहरण देतो. तिथं १९९३ ला कोझिकोडमध्ये काही डॉक्टर आणि सामान्य माणसांनी मिळून दुखणाईतांच्या वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं. त्यातून गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले. २००८ ला राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केलं आणि ग्रामपंचायतींना त्यात जबाबदारी दिली. प्रशिक्षित नर्स गाडीतून अंथरुणावरच्या माणसांच्या घरी जाते, जखम बघते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. आमच्या घरी त्या सिस्टरनी वीस मिनिटांत जे केलं, ते तिथं पंचायतीच्या पैशातून होतं. केरळ श्रीमंत आहे म्हणून होतं असं म्हणू नका. एक नर्स, एक गाडी आणि एक यादी, एवढ्यावर ते चालतं.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी, अधिकारी, संस्थाचालक यातले काहीजण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे.

एक. जिल्हा रुग्णालयातून अंथरुणावरचा रुग्ण घरी सोडताना नातेवाइकांना अर्धा तास शिकवल्याशिवाय सोडू नका. कूस, घास, नळी, पिशवी. यासाठी नवी इमारत लागत नाही, एक खुर्ची आणि एक जाणती सिस्टर लागते.

दोन. जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलींना महिनाभर वृद्धाश्रमात आणि घरी पडून असलेल्या रुग्णांकडे पाठवावं, सोबत शिक्षिका देऊन. फुकटचे हात म्हणून नाही, शिकण्यासाठी.

तीन. पैसे घेऊन चालणाऱ्या प्रत्येक केंद्राने दारावर लिहावं: आज किती माणसं, दिवसा किती सिस्टर, रात्री किती. तुम्ही आपल्या आई-वडिलांना ठेवायला जाल तेव्हा बाग आणि देऊळ बघू नका, रात्री किती जण असतात ते विचारा. जमलं तर रात्री दहाला जाऊन बघा.

चार. सिस्टर आणि मावशी दोघींनाही नेमणुकीचं पत्र, बँकेत पगार, आठवड्याची सुट्टी. आणि नव्या मुलीला पहिले तीन महिने रात्री एकटं ठेवू नका.

पाच. कलम १९ प्रमाणे आपल्या जिल्ह्यातल्या १५० निराधार ज्येष्ठांची सोय कुठे आणि कधी, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक आमसभेत विचारा. आणि उत्तरादाखल आशाताईंवर आणखी एक काम ढकलू देऊ नका. त्यांच्या डोक्यावर आधीच गाडाभर आहे. नर्स नेमा.

भाचीचं विचाराल, तर तिने नोकरी सोडली नाही. सोडली असती तरी मी तिला दोष दिला नसता. सहाव्या महिन्यात तिने व्यवस्थापकांपुढे तोच चौऱ्याऐंशीचा कागद ठेवला आणि रात्रीसाठी आणखी एक मावशी मागितली. पगारवाढ मागितली नाही. मी तिला म्हटलं, पगारही मागायचा. ती म्हणाली, "आधी माणूस मिळू द्या मामा. पाठी लाल व्हायला लागल्यात."

अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान तिने प्रत्येक कॉटच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलाय. त्यावर वेळ लिहायची आणि खाली सही करायची. मावशीला सही येते, पण ती घाईत अंगठ्याएवढा एक गोल काढते. भाची म्हणते, त्या कागदांवर गोलच जास्त आहेत.

तुमच्या गल्लीत, वस्तीवर कुणी अंथरुणावर असेल तर आज जाऊन एक करा. बघणाऱ्या माणसाला विचारा, शेवटची सलग झोप कधी झाली. आणि दोन तास तुम्ही बसा.